दासगावची वसुमती

ताई,

तुझा पत्ता नाही, आणि बाबांसमोर तुझं नाव काढायची सोय नाही. तरी लिहिते.

मालिकेत वसुमती मेली तेव्हा आई जेवेना, म्हणून तू मोबाइलवर तिची पुढची गोष्ट लिहायला घेतलीस. मग पळून लग्न करून मोकळी झालीस. आता ती गोष्ट मी लिहिते, आईला वाचून दाखवते.

"ही आपली वसुमती नाय गो," आई म्हणते. "ही 'नाही' म्हनते."

तू तिला आपल्या दासगावची केली होतीस, आईसारखं 'नाय' म्हणणारी. मला ते जमत नाही.

काल मी वसुमतीची पळून गेलेली लेक परत आणली. आई उठून बसली. "मग? बापानं घरात घेतली?"

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

पुढचं मला सुचेना. लेक अजून दारातच उभी आहे.

तुझी,
उज्वला