सुमनच्या आईला कोण सांगणार

सोम., १० नोव्हें.
पहाटे सुमन गेली. घरीच. प्राचीने रडत रडत पंखा बंद केला, आईच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. डॉक्टर दाखला देऊन गेले. नेत्रपेढीची माणसं वेळेत आली. डोळे दिले. तिची इच्छा.
लोणीला मेहुण्याला फोन. अशोक आधी नुसता रडला. मग, "दाजी, आईला सांगू नका. तिचं काळीज कमजोर हाय." आई नव्वदीला टेकलेल्या. ऐकलं मी. त्यांना कामाचं निमित्त सांगून तो एकटाच आला. संध्याकाळी दहन.

मंगळ., ११
नोंद स्मशानभूमीतच झाली. मृत्यूचा दाखला मिळाला की बँक, पेन्शन. मी तिचा फोन बंद करायला निघालो, तर प्राची म्हणाली, "बाबा, थांबा. ओटीपी त्यावरच येतात."
दुपारी तोच वाजला. लोणीच्या आई.
"सुमी कुठं हाय?"
झोपलीये, म्हटलं.
लोकांपासून सत्य लपवणारे लोकांना लहान समजतात, हे मी चौकाचौकात गरजून सांगितलंय. टाळ्या घेतल्यात त्यावर.
प्राचीने सगळं ऐकलं. चहा पुढे ठेवला.

गुरु., १३
रविवारी सुमनचं पुण्यानुमोदन. भंतेजी येणार. कार्यकर्ते म्हणतात, सभा मोठी घेऊ, सर, तुम्हीच बोला. काय बोलू? जिनं तिला जन्म दिला तिलाच वगळून?
पुन्हा फोन. "अजून झोपलीच हाय व्हय?" मग फोन त्यांनीच ठेवला.
अशोकला कळवलं, उद्या येतोय. भडकला. "आईला काय झालं तर जबाबदार कोण?"
"मी."
रात्री त्याच्याकडूनच आईंच्या औषधांची नावं विचारून घेतली. ती बघून डॉक्टरांनी सांगितलं, बसवून सांगा, हळू सांगा, जवळ राहा.

शुक्र., १४. लोणी.
प्राची सोबत. आई ओट्यावर बसलेल्या. वाटेत चार वाक्यं जुळवली होती.
"आई, आयुष्य अनित्य..."
"भाषान नगं, जावाई. सुमी गेली न्हवं?"
"हो. सोमवारी."
रडल्या नाहीत. प्राचीला कुशीत ओढलं, माझा हात धरला. ऊन ओट्यावरून उतरलं तरी तशाच. मग, "कोनतं नेसवलं?"
"पांढरं."
"तिला पांढरं कधी आवडलं न्हाई."
प्राचीला हसू आलं, आणि त्यातच हुंदका. आजीने तिचं तोंड पदराने पुसलं. अशोक दारात उभा. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंड बघाया नेलं असतं तर मेले नसते मी."
तो आत गेला.
रविवारी न्यायला येतो, म्हटलं. "बघू," एवढंच.
जेवून जा म्हणाल्या, म्हणून थांबलोय. भाकरी स्वतः थापतायत, प्राचीला चुलीजवळ बसवून. अशोकला अजून हाक मारलेली नाही. त्याचं ताट मात्र मांडलंय.