आमच्या खोलीचा लाडका रॅपर

बाबा, ती कॅसेट गेली. कोणती, हे सांगूनही तुम्हाला कळायचं नाही, कारण ती माझ्याकडे आहे हेच तुम्हाला कधी माहीत नव्हतं. नांदुऱ्याच्या घरातलं सामान चिखलीला आणलं तेव्हापासून ती माळ्यावर एका खोक्यात पडून होती. गेल्या महिन्यात काढली तर फीत बुरशीने पांढरी झालेली. खामगावला जुने टेप दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी फीत हळूहळू पुसली, दुसऱ्या डबीत भरली, लावून पाहिली. थोडी घरघर आली आणि फीत तुटली. ते म्हणाले, ताई, यात आता काही नाही. मी बरं म्हटलं आणि एसटीने घरी आले. त्या कॅसेटवर तुमचा आवाज होता, आणि दुसरीकडे तो कुठेच नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही दिसता, पाहुण्यांशी बोलताना तुमचे ओठ हलतात, पण शूटिंगवाल्याने वरून सगळीकडे सनई घातली आहे. मी तो एकदा आवाज वाढवून पाहिला होता. सनईच मोठी झाली.

तुमचा आवाज तिथे कसा गेला ते सांगते. आई जाऊन काही वर्षं झाली होती, स्वयंपाकघर तुमच्या ड्युटीच्या वेळांवर चालायचं, आणि मी बारावीची परीक्षा देऊन घरात बसले होते. पुण्याचा मावसभाऊ आला तो अमेरिकेतल्या रॅपची कॅसेट घेऊन. तीही त्याने कुणाकडून तरी भरून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर ना चित्र ना नाव. कोण गातंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पहिलं गाणं लागलं आणि माझी भाजी निवडायची राहिली. ठोके चालू आहेत आणि त्यावर एक माणूस नुसता बोलतोय, कुणाला तरी तासून काढतोय, आणि तरीही ते गाणंच आहे. शब्द फारसे कळत नव्हते. पण हा माणूस कुणाचं ऐकून घेणार नाही एवढं मात्र कळत होतं, आणि त्या वयात मला तेवढंच हवं होतं. कॅसेट त्याच दिवशी परत जाणार होती. आपल्याकडे दोन कप्प्यांचा टेप नव्हता, म्हणून शेजारच्या काकूंचा मागून आणला आणि ओट्यावर आपल्या टेपसमोर तोंडाला तोंड लावून ठेवला. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकून भरून घ्यायचं. तोवर घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो आणि मागे गॅसवर दूध आहे हे साफ विसरलो होतो. तेवढ्यात तुम्ही बुलडाण्याची फेरी करून खाकी कपड्यांतच दारात उभे. आयुष्यभर कंडक्टरकी केल्यामुळे तुम्ही घरातही इंजिनाच्या वरच्या पट्टीत बोलायचात.

"काय वं, दूध उतू जाऊन राह्यलं. ध्यान कुठं हाय? हे अमेरिकेवाले येतीन काय गॅस बंद करायले?"

टेप चालूच होता. ते सगळं जसंच्या तसं आत गेलं. भावाची गाडी दुपारची, पुन्हा भरून घ्यायला वेळ नव्हता. मला तुमचा इतका राग आला होता की मी त्या रात्री जेवले नाही, आणि तुम्हाला वाटलं तुम्ही दुधावरून बोललात म्हणून मी रुसले.

पुण्याच्या हॉस्टेलवर मी ती कॅसेट लपवूनच नेली होती. खोलीत आम्ही चौघी. एक साताऱ्याची, एक रत्नागिरीची, एक पुण्याजवळचीच. रविवारी केस धुऊन वाळवत बसलो की कॅसेट लागायची आणि कोण भारी यावर वाद सुरू व्हायचा. नावं माहीत नव्हती, मग आम्हीच ठेवली. रत्नागिरीचीला 'सर्दीवाला' आवडायचा, नाक चोंदल्यासारखा, पण काय वेग. पुण्याचीला ती बाई आवडायची, जी पुरुषांना तोंड उघडू देत नाही. मला आवडायचा तो जाड आवाजाचा, जो आडवं पडून बोलतोय असं वाटायचं. त्याच्याच गाण्यात तुम्ही येता, बाबा. पहिल्यांदा तो तुकडा वाजला तेव्हा मी टेप बंद करायला उठले, तर साताऱ्याचीने माझा हात धरला. "थांब. हा कोण?" मी म्हटलं, माझे बाबा. ती म्हणाली, अगं, ते ठेक्यावर आलेत. आणि खरंच आला होतात. 'राह्यलं'वर ठोका, 'करायले'वर ठोका. मुद्दाम कुणी बसवलं असतं तरी इतकं नेमकं बसलं नसतं. तिघींनी ते पाठ केलं. मेसमध्ये कुणी ताट सांडलं की आमच्या टेबलावरून एका सुरात तुमचं वाक्य यायचं. वर्षाच्या शेवटी खोलीचा सगळ्यात लाडका रॅपर कोण यावर चिठ्ठ्या टाकल्या, तर चारही चिठ्ठ्यांवर 'काका'.

आणि मग तुम्ही आलात. ज्वारीचं पीठ, ठेचा, मुगाचे लाडू घेऊन रात्रभर प्रवास करून आलात. मी तुम्हाला त्यांच्यापुढे आणलं. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, काय वं पोरीहो, जेवल्या काय. बस. एकीने ओढणी तोंडात कोंबली, दुसरी आत पळाली इतरांना बोलवायला. तो आवाज समोर, जिवंत, चपला घालून उभा होता, त्यांचा आनंद मावत नव्हता. तुम्ही मात्र पिशव्या तिथेच ठेवून मागे वळलात. फाटकाशी आल्यावर मला हळूच विचारलंत, "काऊन हासून राह्यल्या वं त्या? म्या काई वंगाळ बोललो काय?" मी म्हटलं, नाही हो बाबा, त्या तशाच आहेत. कॅसेटचं सांगायचं तर तुमच्या ओरडण्यावर वर्षभर हसलो हे सांगावं लागलं असतं, आणि तुमची गाडी सुटायची होती. सुटीत निवांत सांगू म्हटलं. पुढच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी साताऱ्याची म्हणाली, काका येऊन गेले, पण किती बारीक आवाजात बोलले गं. "मी हिचे वडील आहे, हे सामान तिला द्यावे," असं म्हणाले. बरं नाही का त्यांना? मी पिशवी उघडली आणि लाडू वाटले. मला त्यांच्यासमोर रडता येईना.

त्यानंतर पुण्यात तुम्ही तुमच्या आवाजात कधी बोलला नाहीत. माझ्या लग्नालाही मैत्रिणींशी पुस्तकातलं बोललात. मी सांगणार होते. रोज फोनवर भेटणाऱ्या माणसाला सांगायची काय घाई, असंच वाटत होतं, आणि लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. बाबा, त्या तुमच्या बोलीला हसत नव्हत्या. त्या तुमच्यावर फिदा होत्या. हे एवढंच सांगायचं आहे, आणि ते आता तुमच्यापर्यंत पोचण्याचा काहीही मार्ग नाही. मेलेली माणसं वरून ऐकतात यावर माझा विश्वास नाही. तुम्ही हिरमुसून त्या फाटकातून बाहेर पडलात आणि तसेच कायमचे गेलात, आणि त्यात आता काही बदलायचं नाही.

माझी लेक कॉलेजात आहे. तिने मोबाईलवर एक पान दाखवलं, जगभरचे लोक तिथे लिहितात, तुमचा आवडता रॅपर कोण, पहिली कॅसेट कोणती. माझ्याच वयाची माणसं भांडताहेत. मी 'माझे' एवढं लिहिलं आणि खोडलं. लेकीने मग त्या काळची गाणी एकामागून एक लावली आणि एक दिवस ते गाणं सापडलं, जाड आवाजाचं. नावही कळलं. आवाज इतका स्वच्छ की त्याचा श्वास ऐकू येतो. तुमची जागा आली आणि तो नुसता बोलत राहिला. तुमच्या ओरडण्याखाली त्याचे काही शब्द कायम दबलेले होते, ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकले. चांगले आहेत. मला ते नको होते.

परवा साताऱ्याचीला फोन केला. कॅसेट गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, काकांचं ते वाक्य म्हण ना, जसं ते म्हणायचे तसं. मी म्हटलं. ती म्हणाली, नाही गं, तसं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून, घसा खरवडून. ती म्हणाली, राहू दे. आम्ही मग मुलांबद्दल बोललो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकते. तिचं बरोबर होतं. शब्द सगळे आहेत माझ्याजवळ, बाबा, एकही विसरले नाही, पण आता ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.