शून्याच्या जागी भरलेला आकडा

सर,

पिकांच्या चाचणीचे निकाल काढणारा तुमचा तो प्रोग्राम अजून कुठंतरी चालत असेल, असं मला अधूनमधून वाटतं. कुठल्यातरी केंद्रावरच्या कपाटात काळी फ्लॉपी, वर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. तुम्ही तो विकला नाहीत. कोरी फ्लॉपी घेऊन येईल त्याला चहा पाजून फुकट द्यायचात, वर सगळ्या ओळी कागदावर छापून द्यायचात. "वाचा, चूक सापडली तर कळवा. झाकलेलं काही नाही," असं प्रत्येकाला सांगायचात. लोक माना हलवायचे. जिना उतरताना ते काय बोलायचे ते मला वर ऐकू यायचं, माझे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. "सरांनी केलंय म्हणल्यावर वाचायचं काय त्यात?" तेवीस जणांनी नेला. वाचला असेल असं एकाच्याही बोलण्यातून कधी जाणवलं नाही.

नामांतराच्या दंगलीत गाव सोडून मी परभणीबाहेरच्या आपल्या त्या छोट्या बियाणे-चाचणी केंद्रावर रोजंदारीला आलो. बियाण्याच्या गोदामाशेजारची खोली तुम्ही आम्हा मायलेकांना दिलीत, कोण, कुठले, काही न विचारता. मॅट्रिक झालेला मजूर म्हणून वाफ्यांची नोंदवही माझ्या हातात आली. पुढं मी टायपिंग शिकलो, आणि केंद्रात संगणक आला त्या वर्षी तुम्ही मला रानातून उचलून त्याच्यापुढं बसवलंत. खुर्ची स्वतः उचलून आणलीत. लिपिक मंडळी बघत राहिली. तुमच्यापुढं तोंड उघडायचं म्हटलं की ती खुर्ची आठवायची आणि शब्द गिळला जायचा.

प्रोग्राम लिहीत असताना एका दुपारी तुम्ही विचारलंत, "काय रे, नोंदवहीत शून्य कधी मांडता तुम्ही लोक?" मी तोऱ्यात सांगितलं, "गुरं शिरून वाफा खाल्ला की शून्य, सर. पेरलं अन् दाणाच न्हाई, असं कदी व्हतंय का?" तुम्ही हसलात आणि ओळ लिहिलीत: शून्य दिसलं की तो वाफा हरवला समजायचा, आणि बाकीच्या वाफ्यांवरून अंदाजानं निघेल तो आकडा तिथं भरायचा. हरवलेल्या वाफ्यासाठी ही रीत मान्यच आहे. फक्त भरलेला आकडा छापील निकालात वेगळा दिसत नव्हता.

काही हंगामांनी रब्बी ज्वारीचा एक वाण चाचणीत पहिला आला. केंद्रानं बी वाटलं. माघ सरताना मी चुडाव्याला मामाकडं गेलो. स्टेशनवरून पायवाटेनं चाललोय. भरल्या ज्वारीत वारा कसा वाजतो ते मला पाठ आहे, त्या दिवशी तो कोरडा, पोकळ वाजत होता. बांधावर पोचलो तर निम्मं रान आडवं. खडखड्या रोग. बुंधा आतून कुजतो, कणसात दाणा भरत नाही.

"या साहेब," मामा म्हणाला. "तुमच्या मशीननं एक नंबर काढलेली जवारी बघा."

"पाणी कमी पडलं असंल, मामा."

"पानी समद्या रानाला सारकंच हाय. शेजारची गावरान उभी हाय का न्हाई, बघ की! आमाला बी द्यायच्या आदी तुमच्या रानात असं झालं न्हवतं का?"

झालं होतं. परत येऊन जुनी नोंदवही काढली. त्या वाणाच्या चार वाफ्यांपैकी दोहोंपुढं शून्य, माझ्याच हातचं, आणि शेजारी शेरा: खडखड्या. मेलेल्या दोन वाफ्यांत यंत्रानं दाणे भरले होते. यंत्राला शेरा दिसत नाही. मला दिसत होता, पण आकडे भरताना मी शेरे वाचत नसे.

तुम्ही तेव्हा आजारपणाच्या रजेवर होतात. सकाळी तुमच्या घरी आलो तर स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, काकू भाकरी थापत होत्या. मी नोंदवही पुढं केली. तुम्ही चष्मा लावून दोनदा पाहिलंत.

"सर, तेवीस जणांना पत्र टाकावं लागंल."

"ओळ दुरुस्त करतो. नवी फ्लॉपी पाठवून देऊ. बोंब कशाला?"

"पण जुने निकाल? त्यांच्या शिफारशी झाल्या असतील, कुणाचे प्रबंध..."

तुम्ही ताट सारलंत. "खुरपं सोडून चार दिवस झाले नाहीत, आणि मला शिकवतोस?"

काकूंचे हात थांबले. शून्याबद्दल तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं ते तुम्ही काढलं नाहीत. मीही काढलं नाही. नोंदवही काखेत मारून निघालो. महिनाभरात तुम्ही गेलात, ओळ तशीच राहिली.

मग ती मी खोडली आणि पत्र टंकलं. 'हा प्रोग्राम शून्य उत्पन्न आणि हरवलेला वाफा यांत फरक करत नाही. जुने निकाल मूळ नोंदवह्यांशी ताडून पाहावेत.' तेवीस पाकिटं गेली. दोन उत्तरं आली. एकानं आभार मानले, दुसऱ्यानं विचारलं, नवी फ्लॉपी फुकटच ना? तिसरा, वालूरकडचा, स्वतः आला. "आमची खराब झाली हो, पण जुनीच द्या. नव्यात आमचा वाण खाली जायलाय." मी हसून चहा पाजला आणि दिली नाही. पुढं त्यानं जुनी फ्लॉपी असलेल्या दुसऱ्या कुणाकडून घेतली असेल. उरलेल्या वीस जणांनी पाकीट फोडलं का, आणि कुणाच्या रानात काय आडवं झालं, हे मला कधीच कळलं नाही.

पत्रात आणखी एक वाक्य होतं. 'ही चूक मूळ लेखकाच्या हातून झाली आहे.' कुणाची चूक ते लिहिल्याशिवाय लोक मनावर घेणार नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. ते फिरत फिरत काकूंच्या कानावर गेलं. तुमची पुस्तकं न्यायला त्या केंद्रावर आल्या तेव्हा म्हणाल्या, "यांची चूक होती का रे?"

"होती, काकू."

"मग कळवलंस ते बरं केलंस. त्यांनीही कळवलं असतं."

आज परभणीत माझे दोन संगणक वर्ग आहेत. पहिल्याच दिवशी मी पोरांना सांगतो, छापून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मागची वही मागा. पोरं वहीत लिहून घेतात. काकू अजून त्याच घरात असतात, त्यांना आता कमी ऐकू येतं. शून्याचं ते उत्तर माझं होतं, हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर, सांगायचं तर त्यांना आहे. परवा दारापर्यंत गेलो होतो. आतून त्यांनी विचारलं, "कोण आहे?" मी दुसऱ्याच कुणाचं घर विचारलं, आणि त्यांनी खिडकीतून हात करून दाखवलं तिकडं चालत गेलो.