कोऱ्या नावाची जागा

३ नोव्हेंबर १९८७
चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आज रुजू झालो. खोलीत भरपूर उजेड आहे, कॉम्प्युटरसाठी एसीसुद्धा आहे. हाउसिंग सोसायट्यांच्या सभासदांची नावं छापणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. शेजारच्या टेबलावरचे अंबादास मोकळे वाटले. माझ्या डब्यात नुसता पाव बघून म्हणाले, काय रे, बायको रुसली की काय? शुभा जाऊन वर्ष व्हायचंय, हे सांगितलं नाही. हसलो.

घरी आल्यावर जयूला उचलून ऑफिसातल्या खुर्चीसारखं गोल फिरवलं. खूप दिवसांनी लेक खिदळली.

५ नोव्हेंबर
मशीनमध्ये नावासाठी घरं राखायची असतात, एका अक्षराला एक. अंबादास म्हणाले, आधी सगळी शून्यांनी भरून घे, भाडेकरू गेल्यावर खोली झाडत नाहीस का? मी विसरलो. एका रिकाम्या फ्लॅटपुढे कोरं नाव यायला हवं, तिथे इंग्रजी अक्षरांत ‘शुभा’ उमटलं. अंबादास म्हणाले, आधीचं काहीतरी राहिलं असेल यार.

९ नोव्हेंबर
मशीन बंद केलं की आतलं सगळं जातं. रविवारभर बंदच होतं. तरी आज त्याच जागी ‘जेवलात का’. शुभा रोज विचारायची.

सगळी घरं शून्यांनी भरली तर ती पुसली जाईल. फक्त पहिल्या घरात शून्य ठेवलं, तर छापताना मशीन तिथेच थांबतं. नाव कोरं दिसतं, मागचं तसंच राहतं. मी तेच केलं. तिला पुसायला हात होईना.

१२ नोव्हेंबर
सगळे जेवायला गेले की दुसऱ्या घरापासून वाचतो. पहिलं अक्षर नसतं, तरी कळतं. ‘इथे कोणी नाही. भीती वाटते.’ दहाव्याला कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा शिववला. तिचा जीव कशात अडकला होता, ते तेव्हाच मला —

१६ नोव्हेंबर
‘जयूला पाठवा.’

१७ नोव्हेंबर
जयूला ताप. म्हणते, आई उशाशी बसली होती. हात गार होता.

१८ नोव्हेंबर
रजा मिळाली नाही. जयूजवळ शेजारच्या सुगंधाबाई आहेत. आज सगळी घरं शून्यांनी भरायचीच. ओळ लिहिली. चालवायचं बाकी —

सुगंधाबाईंचा फोन. वाण्याच्या दुकानातून. जयू हाक मारली तर ओ देत नाही —

निघतो. आधी हे पुसून. शुभा, माफ कर गं. बटणावर बोट —

नवीन अक्षरं. मी काही दाबलेलं नाही. ‘बाबा, पुसू नका, मी पण इथे’ —

जयू, तू आईचा हात सोड, तू परत —