मैनाबाईला मारायची हाक

चैत्र वद्य ३, शके १७८६. अमरावती.

आजाऱ्यांसाठी माझी वखार दिली. गाठी परवाच रवाना झाल्या, रिकामीच होती. कापसाच्या गाड्यांबरोबर पटकीची साथही पेठेत शिरली — सात गाडीवान सरकीच्या ढिगाशेजारी आडवे. कोणी शिवेना. शेवटी मैनाबाई आली, माळीपुऱ्यातली सुईण. नवरा नाही, लेकरू नाही. अर्धी पेठ तिच्या हातावर जन्मली, आमची दोन्ही पोरंही. आली तशी पदर खोचून म्हणाली, "लेकरू काय न् गाडीवान काय, घाण सारखीच जी!" काय बाई आहे!

वैद्यबुवा उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेले — कांद्याचा रस पाजा, पाणी मात्र थेंबभर नको, पाण्याने पटकी भडकते. मी तिला दोनदा बजावलं.

वद्य ८

अकरा गेले. चौदा नवे आले.

वद्य १०

मी आधी गाडीवान, मग दलाल झालो तो कानांच्या जोरावर. विकणाऱ्याचा श्वास ऐकला की कळतं, हा कुठे वाकणार. आज त्याच कानांनी वखारीच्या दाराशी ऐकलं. मैनाबाई रिकाम्या चटईपाशी बसून म्हणत होती, "थांब ना बापा. वैद्य नाही म्हणते ना."

"मैनाबाई, तो तर सकाळीच गेला!"

"गेला. पण पाणी मांगून राहिला ना जी. तुमाले आयकू नाही येत?"

मी हसलो! म्हटलं, "मेल्यावर तरी गिऱ्हाईक गप्प बसतं की नाही?" तीही हसली — नुसते दात दिसले. मग राखेने हात घासत बसली, कोपरापर्यंत. कातडं सोललं होतं. मी ते पाहिलं. पाहून घरी आलो आणि पोटभर जेवलो.

वद्य १३

बायको, गोदा, म्हणाली, "त्या बाईले चार दिस घरी बसू द्या. शेजारच्या सत्यभामेच्या बाळंतपणाले बलावलं तं आली नाही. म्हणे, माह्या हातावर आता लेकरू नका टाकू."

मी म्हणालो, मैनाबाई खंबीर आहे.

खंबीर! दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवताना किती सोयीचा शब्द.

वैशाख शुद्ध २

साथ शिवेबाहेर घालवायला मरीमायचा गाडा काढला. पुढे मीच. लिंबं, हळद, हिरवा खण, डफडं, सगळं जातीने जमवलं. आणि गाडा शिवेपार ओढायचा मान मैनाबाईला द्यावा, ही कल्पनाही माझीच! पंचांनी माना डोलावल्या. ती एवढंच म्हणाली, "मलेच काहून?" मला वाटलं, लाजते. तिवशाच्या वाटेने गेली. मागे पाहायचं नसतं, तिने पाहिलं नाही. आम्ही जयजयकार केला आणि जेवायला बसलो.

शुद्ध ४

दोन दिवस नवा आजारी नाही. मरी गेली! पेठेत मला रामराम सुरू आहेत.

शुद्ध ५

आज एकदम पाच. तेव्हा कुठे आठवण झाली — मैनाबाई कुठे आहे? किसनराव पंच म्हणाले, "थकली असन, झोपली असन." घराला तर बाहेरून कडी. दुपारी गोदाने भाकर थापता थापता विचारलं, "तिले हाक कोनं मारली?"

कोणीच नाही मारली.

आमच्या पेठेची रीत अशी, की गाडा नेणारा शिवेपलीकडे थांबतो. सूर्य मावळायच्या आत घरचं माणूस शिवेवर जाऊन नावाने हाक मारतं, तेव्हा तो परत येतो. हाक नाही आली तर तो मरीबरोबर गेला, गावाचा राहिला नाही. तिच्या घरचं कोण आहे? लिंबं डागाळलेली नकोत म्हणून मी चार टोपल्या चाळल्या. हाक विसरलो.

शुद्ध ६

सकाळीच गेलो. बोरीखाली बसली होती, पाठ गावाकडे. वाटसरूंनी पाजलेल्या पाण्यावर जगलेली. शेजारी कोणी ठेवलेली भाकर तशीच. मी तीनदा हाक मारली. वळली नाही.

"मैनाबाईले बलावून राहिले भाऊ, का वखारीतल्या बाईले?"

या पानाला तरी खरं सांगतो. वाटभर माझ्या मनात वखारच होती.

"छत्तीस जणं," ती म्हणाली. "सारे पाणी मांगत गेले. इथंबी मांगून राहिले."

"तुम्ही काय केलं, बाई? वैद्यांनी सांगितलं. मी सांगितलं."

"मडकं तं म्या झाकलं ना जी."

तिला गावात नेलं नाही; तिथे पुन्हा वखारच होती. गाडी जुंपून तिवशाला तिच्या भाचीकडे पोचवली. कित्येक वर्षांनी बैल स्वतः हाकले. भाचीने, शकुनने, तिचे हात पाहिले आणि मला विचारलं, "तुमी सारे कोठी होते, मामा?"

शुद्ध ८

वखारीत आता मीच. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड राहिलं नाही. मूर्तिजापूरचा गाडीवान सूर्यभान सकाळपासून मडक्याकडे पाहत होता. "एक घोट, मालक." वैद्यबुवांचं आठवून मान फिरवली. पुन्हा, "एक घोट." मैनाबाईने हे छत्तीस वेळा कसं सोसलं असेल? माझ्याने दुसऱ्यांदा सोसवलं नाही. मरायचाच आहे तर भिजल्या गळ्याने मरो, म्हटलं. तांब्या तोंडाला लावला.

शुद्ध १०

सूर्यभान उठून बसला. भाकर मागतो. दोन दिवस मागेल तेवढं पाणी पाजलं त्याला. मग बाकीच्या चौघांनाही. तिघे सावरले.

वखारीतलं एकही मडकं आता झाकलेलं नाही.

मैनाबाईला हे कधी कळता कामा नये.