जावयाला आडवा कोण पाडणार?

मुक्काम मुरुड, जि. लातूर
धोंड्याचा महिना, मंगळवार

श्री. गुरुपादप्पा व्याहीबुवा यांच्या सेवेशी,

मुरुडहून शेषेरावाचा सविनय आणि, लपवून उपयोग नाही म्हणून सांगतो, विजयी नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारायला रविवारपासून सतरा वेळा फोन केला, पण तो उचलला जात नाही. (सतराव्या वेळी उचलला गेला आणि "मालक मळ्यात गेलेत" असं सांगून ठेवला गेला. आवाज तुमचाच होता, पण व्याह्याच्या शब्दावर शंका घेऊ नये असे माझ्यावर संस्कार आहेत.) तुमचा रक्तदाब रविवारी सकाळपर्यंत उत्तम होता, असं विहीणबाई म्हणाल्या. त्यापुढचं त्या काही बोलल्या नाहीत. गोळी वेळेवर घेत जा, आणि आजची हे पत्र वाचायच्या आधी घ्या.

पत्रास कारण म्हणजे आपण मोबाइलच्या स्टेटसवर टाकलेलं वाक्य, "मुरुडकरांनी पाहुण्याला घरी बोलावून घात केला." व्याहीबुवा, रविवारी तुमच्याकडे केळीची काढणी होती, दारात ट्रक उभे होते, त्यामुळे तुमच्या अर्धापूरच्या संघासोबत सगळे आले पण आपण आला नाहीत. तुम्हाला जे कळलं ते तुमच्या चिरंजिवांकडून, म्हणजे आमच्या जावईबापूंकडून कळलं. आणि सामन्याचा महत्त्वाचा भाग शिवमूर्तीबापूंनी आडवं पडून पाहिलेला आहे. मी तो उभ्याने पाहिला, हातात माइक घेऊन. तेव्हा खरी हकिकत माझ्याकडून ऐका.

कै. वैजनाथराव हा मुरुडचा एकुलता एक राजदूत. (आमदार दिले, ठेकेदार दिले, दोन्ही एकाच देहात मावलेलेही पुष्कळ दिले, पण राजदूत एकच.) तरुणपणी सरकारने त्यांना पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावर नेमलं. तिथे दूताला काम थोडं आणि लोकांना रग्बीचं वेड दांडगं, म्हणून हेही खेळायला लागले आणि तिथल्या संघाबरोबर चांदीचा एक चषक जिंकून घरी आले. पुढे जन्मभर परदेशात दोन देशांची भांडणं गोड बोलून मिटवायची आणि सुट्टीत गावी आले की चांगल्या घरची पोरं धरून धरून आडवी पाडायची, असा त्यांचा समतोल होता. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली, आणि तितकीच वर्षं त्यांच्या जन्मदिवसाच्या आठवड्यात आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर ही स्पर्धा चालते. चेंडू काखेत घेऊन पळायचं, पलीकडच्या रेषेमागे जमिनीला टेकवायचा, आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी धरून पाडायचं. एवढे नियम मला ठाऊक आहेत. आणखीही आहेत म्हणतात, पण अकरा वर्षं समालोचन करूनही मला त्यांची गरज पडलेली नाही. (लाथ मारून जादा गुण मिळवायची सोय आम्ही काढून टाकली, कारण खांबांच्या बरोबर मागे मुख्याध्यापकांची खिडकी आहे.)

वैजनाथरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की जो बाहेरगावचा संघ सलग तीन वर्षं जिंकेल त्याने चषक कायमचा घरी न्यावा. तोवर तो त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, केवळाआक्कांकडे राहील. आक्कांचं वय अठ्ठ्याहत्तर. भावाची पत्रं वाळवीने खाल्ली, फोटो पुरात भिजले, उरला तो हा चषक. दर रविवारी त्या तो चिंचेने घासतात आणि देवाच्या ओळीत, देवांपेक्षा थोडा पुढे ठेवतात. अर्धापूर सलग दोन वर्षं जिंकलं होतं. यंदा तिसरं. शनिवारी मी आक्कांकडे गेलो तर चषक टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालून तयार. मी म्हटलं, "आक्का, आजून खेळ व्हायचाय की." तर म्हणाल्या, "नियम त्यानंच केलाय. हरलो तर द्यायचा. त्यात रडायसारखं काय न्हाई." असं म्हणून त्यांनी पिशवी उघडली, चषक काढला आणि तिसऱ्यांदा घासायला घेतला.

आता तुमचा संघ गेली दोनच वर्षं कसा काय जिंकतो, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल. जिंकणाऱ्याला पडत नाही. त्याआधी आठ वर्षं अर्धापूरकर यायचे, आडवे पडायचे, जेवायचे आणि जायचे. मग आमच्या वर्षाराणीचं लग्न शिवमूर्तीबापूंशी झालं आणि त्या उन्हाळ्यापासून तुम्ही जिंकू लागलात. (हुंडा तुम्ही घेतला नाहीत, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. चषक दोनदा जिंकलात, ते सांगत नाही.) आम्हाला वाटायचं, केळी खाऊन पोरांत ताकद आली असेल.

यंदा धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तो विष्णूच्या ठिकाणी. आमच्या मंडळींनी, म्हणजे गुणाबाईंनी, शनिवारी बापूंना अकरा धोंडे वाढले, वर तुपाची धार. यात माझा काही डाव होता असं आपण म्हणाल. होता. अकरा धोंडे खाल्लेला माणूस सकाळी साडेसहाला पळू शकत नाही, असा माझा हिशोब होता. बापू सकाळी उठले, अनारशांचा डबा संपवला आणि मैदानावर हरणासारखे सुटले. माझी बायको मैदानाच्या कडेला उभी राहून "बघा, आपल्या घरचं अन्न कसं लागतंय!" असं शेजारणींना सांगत होती.

पहिल्या डावात तीन शून्य. तिन्ही वेळा चेंडू बापूंच्या काखेत आणि तिन्ही वेळा आमची पोरं बाजूला सरलेली. एकाने तर वाट देताना डोक्यावरची टोपी सारखी केली. बाकीच्या अर्धापूरकरांना ती पोरं धडाधड पाडत होती, पण सात नंबरची जर्सी आली की रांगेत उभी. मी स्वतः माइकवरून "जावईबापू निघाले, जरा वाट द्या" असं बोलल्याचं लोक सांगतात. मला आठवत नाही, पण रेकॉर्डिंग आहे.

मध्यंतरात पंच आमच्या पोरांजवळ आले. पंच हैदराबादचे, त्यांना आपली रीतभात काय माहीत. म्हणाले, "मियाँ, वो सात नंबर कू पकडते काय कू नै?"

आमचा कप्तान व्यंकटी चकित होऊन म्हणाला, "साहेब, जावई हाय त्यो गावचा."

"तो क्या हुआ?"

"तो म्हंजी? जावयाला धरून मातीत पाडायचं व्हय? धोंड्याच्या महिन्यात?"

"नियम में दामाद का नाम नै है."

"आमच्या नियमात हाय की, साहेब."

व्याहीबुवा, त्या क्षणी मला दोन वर्षांचं गणित सुटलं. केळीचा काही संबंध नव्हता. तुम्ही गावाचा जावई खेळवत होतात, आणि मुरुडच्या मातीत जावयाला हात लावणारा जन्माला यायचा होता. पोरांना कितीही समजावलं तरी मान हलेना. व्यंकटी म्हणाला, "मी पाडलं तर आई घरात घेणार न्हाई." त्याची आई, सरजाबाई, शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बरोबर बोलला."

तेव्हा केवळाआक्का पिशवी काखेत मारून मैदानात आल्या. इतकी वर्षं भावाचा गाजावाजा ऐकून आम्ही विसरलो होतो की मुत्सद्दीपणा हा घराण्यात असतो, खात्यात नव्हे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लग्नात ह्याचा कान कुणी पिळला?"

"आमच्या रामलिंगनं," मी म्हटलं. वर्षाराणीला सख्खा भाऊ नाही, म्हणून कानपिळीचा मान माझ्या पुतण्याला, रामलिंगला मिळाला होता. रामलिंगची बसस्टँडमागे पिठाची गिरणी आहे. दिवसभर चिमटीत पीठ घेऊन जाड की बारीक ते बघून बघून त्याच्या अंगठ्यात काय जोर आलाय, ते शिवमूर्तीबापूंना विचारा. लग्नाच्या अल्बमात बापूंचा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नाही, तो त्यामुळे.

"मग झालं तर," आक्का म्हणाल्या. "जावयाच्या अंगाला हात लावायचा हक्क गावात एकालाच. ज्यानं कान धरला त्याला. बोलवा रामलिंगला."

रामलिंगचं नाव यादीत होतं (आकडा भरायला दरवर्षी टाकतो), पण तो कधी आला नव्हता, कारण रविवारी गिरणीला गर्दी. व्यंकटी स्कूटीवर गेला आणि त्याला ज्वारीच्या दळणातून उठवून घेऊन आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. जर्सी छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. "काका, करायचं काय असतंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दाजी पळत येतील. त्यांना कमरेला धरायचं आणि खाली बसवायचं." "कान?" "कान खेळात धरायचा नसतो." तो जरा हिरमुसला.

पण व्याहीबुवा, धरायची गरजच कुठे पडली! दुसरा डाव सुरू झाला, बापूंनी चेंडू घेतला, पळाले आणि समोर पिठाचा डोंगर दिसला. त्याबरोबर त्यांचा डावा हात आपोआप डाव्या कानावर गेला. एका हाताने कान आणि एका हाताने तसला लांबट चेंडू, हे बेटावरच्या लोकांनाही जमत नसेल. चेंडू निसटला, व्यंकटीने उचलला, तीन एक. परत तसंच, तीन दोन. तिसऱ्या वेळी बापूंनी बाजू बदलली आणि उजवा कान झाकला, म्हणजे चेंडू डाव्या हातातून पडला. तीन तीन. तुमच्या संघातली पोरं ओरडत होती, "कान सोड! आरं कान सोड!" आणि पंच वही काढून काहीतरी शोधत होते.

आता पुढचं मी बापूंच्या बाजूने सांगतो, कारण खरं आहे. शेवटचं मिनिट राहिलं होतं. बापूंनी चेंडू घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, दोन्ही कान उघडे टाकले आणि वळसा न घेता सरळ रामलिंगवर चालून गेले. असा जावई मिळायला भाग्य लागतं. रामलिंगने त्यांना कमरेला मिठी मारली आणि अलगद नव्हे, चांगलं दणकून खाली बसवलं. पिठाचा असा लोट उठला की चेंडू, पंच आणि दोन्ही संघ दिसेनासे झाले. मी माइकवर "दिसत नाही, दिसत नाही" एवढंच ओरडत होतो. मग त्या धुरळ्यातून व्यंकटी निघाला, पांढराफटक, काखेत चेंडू, आणि रेषेपलीकडे जाऊनही थांबेना, शाळेचं फाटक ओलांडून गेला. चार तीन. मी इतका ओरडलो की भोंगा जळाला. हलगीवाल्यांनी पंचांची शिट्टी व्हायची वाट पाहिली नाही.

रामलिंगने बापूंना हाताला धरून उठवलं, "दाजी, लागलं का?" विचारलं, आणि खेळ संपलाय याची पंचांकडून खात्री करून घेऊन मग, हक्काचं म्हणून, कान पिळला. पंच म्हणाले, "ये भी नियम में नै है." पण म्हणताना हसत होते.

आक्कांनी पिशवीतून चषक काढला, त्यात ताक ओतलं आणि कुणालाही न विचारता पहिला घोट शिवमूर्तीबापूंना दिला. "पाहुणा आधी," म्हणाल्या. बापू डोळे पुसत प्याले. (पीठ गेलं होतं म्हणतात.) मग सारं गाव त्याच चषकातून प्यालं, तुमची पोरंही प्याली. दुपारी चषक पुन्हा देवांच्या पुढे जाऊन बसला. घात म्हणतात तो हा.

सौ. विहीणबाईंना नमस्कार. राग गिळावा, गोळीबरोबर.

आपला,
शेषेराव

ता. क. बापू अजून इथेच आहेत. माडीवर रुसून बसलेत. जेवण वर पाठवतो, ताटं रिकामी खाली येतात, तेव्हा काळजी नसावी.

दुसरा ता. क. आता मुद्द्याचं. आपल्या कन्या शिल्पाताईंसाठी आमच्या रामलिंगचं स्थळ सुचवतो. मुलगा एकोणतीस वर्षांचा, निर्व्यसनी, गिरणी स्वतःची. यात माझा काही डाव आहे असं आपण म्हणाल. आहे. पुढच्या वर्षी रामलिंग अर्धापूरचा जावई म्हणून मैदानात उतरेल, आणि मग बघू तुमच्यातला कोण त्याला हात लावतो ते. चषक आक्कांच्या हयातीत हलायचा नाही.

तिसरा ता. क. शिल्पाताईंना विचारायचं राहून गेलं म्हणून वर्षाराणीने आत्ता फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांना आत्ता कळलं? रामलिंगला मी दोन वर्षांपूर्वीच हो म्हटलंय." दर महिन्याला तो जात्याचा दगड बघायला अर्धापूरला का जातो, याचा मला आज उलगडा झाला. तेव्हा वरची विनंती ही विनंती न समजता वर्दी समजावी.

चौथा ता. क. पत्र बंद करतच होतो, तर बातमी ऐकून बापू माडीवरून खाली आले. रुसवा गेला. या लग्नाला माझी एका हाताने नाही, दोन्ही हातांनी संमती आहे म्हणाले. नवरीचा सख्खा भाऊ मीच, असंही दोनदा म्हणाले. आता ओसरीवर बसून, लिंबू अंगठ्यात धरून पिळताहेत. खाली आल्यापासूनचं हे सातवं लिंबू. व्याहीबुवा, दुसऱ्या ताज्या कलमाचा जरा फेरविचार करावा म्हणतो.