उत्पलानं मान धरली

पुणे

बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुमाले आयकू येत नाही, म्हणून लिहून राहिली. उत्पलाचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या काही पेशी तंतूंवर पांढरं आवरण गुंडाळतात. हिचं ते काम उशिरा होतंय, पण थांबलेलं नाही." तवा काळजी करू नका.

तुमचे जावई सोमवारी ड्युटीसाठी अकोल्याले परतले. खोलीत आमी दोघीच. दिवसभर मी तिच्याशीच बोलतो, दुसरं कोणी नाही.

दहा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. काल माह्या आवाजावर तिनं मान उचलून मले पाहिलं. सांगाले बाजूले कोणीच नव्हतं, बाबा. मंग तिलेच सांगितलं, "पोरी, तू मान धरली."

आईचा गुडघा कसा हाय?

दर्यापूरच्या घराची आठवण काढणारी,
तुमची माया